सलालाहचे नव्वद दिवस आणि घरमालकाचे गणित

अरबस्तान म्हटले की वाळू, उंट आणि तेलाच्या विहिरी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ओमानच्या दक्षिण टोकाला, येमेनच्या सरहद्दीकडे, धोफार प्रांतात सलालाह नावाचे शहर आहे. तेथे पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी आणि पपया विकायला मांडलेल्या असतात, आणि सकाळी खिडकी उघडली तर धुक्यावाचून काही दिसत नाही. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या पणजोबांच्या रत्नागिरीला झोडपून काढतो तोच धोफारच्या किनाऱ्याला घासून जातो. त्याने समुद्राचे थंड पाणी वर येते, धुके डोंगराला अडते आणि झिमझिम सुरू होते. शहरात वर्षाकाठी पडणारा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. कोकणात एखाद्या दिवसातच तेवढा पडून जातो. पण रियाध, दुबई आणि मस्कत येथे पारा ४५ अंशांकडे धावत असतो तेव्हा सलालाहला २५-२६ अंश असतात, आणि तेवढ्या गारव्यासाठी माणसे हजार किलोमीटर मोटार हाकून येतात.

या हंगामाला तेथे 'खरीफ' म्हणतात. आपल्या मराठीतला 'खरीप' तो हाच शब्द. सरकारी हिशेबाने तो २१ जूनला सुरू होतो आणि २१ सप्टेंबरच्या सुमारास संपतो. सन २०२४ च्या खरीफमध्ये धोफारला सुमारे साडेदहा लाख माणसे येऊन गेली. आपल्या मॉरिशसला त्याच संपूर्ण वर्षात सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले. म्हणजे आपण बारा महिन्यांत जेवढे पाहुणे सांभाळतो त्याच्या तीन-चतुर्थांश सलालाह नव्वद दिवसांत सांभाळते. अर्थात दोन्ही आकडे अगदी एका मापाचे नाहीत. आपण केवळ परदेशी पाहुणे मोजतो, तर धोफारच्या मोजणीत दर दहांतील सुमारे सात जण ओमानीच असतात. तरीही माणूस ओमानी असो वा परका, त्याला रात्री डोके टेकायला जागा लागतेच.

ही जागा केवळ हॉटेलांतून मिळत नाही. मोठे कुटुंब, सोबत आजी-आजोबा, चार-पाच मुले आणि कधी दोन मोटारी असे येणाऱ्याला हॉटेलची खोली सोयीची नसते. त्याला स्वयंपाकघर हवे, पुरुषांना बसायला वेगळी मजलिस हवी, बायकांना आडोसा हवा. म्हणून सलालाहमध्ये खरीफचा पाहुणा फार पूर्वीपासून सामान घातलेल्या फ्लॅटांत आणि खासगी घरांत उतरत आला आहे. पूर्वी हा व्यवहार ओळखीने, तोंडी आणि रोखीने होई. आता तो टेलिफोनच्या पडद्यावर आला. सन २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली एअरबीएनबी, सन १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये निघालेली बुकिंग, आणि अरबी जाहिरातींसाठी ओपनसूक, यांच्यामार्फत एकच फ्लॅट बाळगणारा साधा माणूसही मोठ्या हॉटेलच्या पंक्तीला बसू लागला. ही गोष्ट चांगली झाली की वाईट, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आम्हांला वाटते, ते उत्तर त्या घरमालकाच्या हिशेबाच्या वहीत शोधावे.

वही उघडण्यासाठी एक उदाहरण मनात धरू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण गणित खरे आहे. समजा, एका माणसाचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. वर्षभराचा भाडेकरू ठेवला तर महिना १५० रियालप्रमाणे त्याला १८०० रियाल मिळतील. (ओमानी रियाल डॉलरला बांधलेला असून एका रियालचे दोन डॉलर साठ सेंट होतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) त्याऐवजी त्याने खरीफचा पाहुणा घ्यायचे ठरवले. नव्वदपैकी साठ रात्री घर भरले, रात्रीचे ४० रियाल, म्हणजे २४०० रियाल. वरवर पाहता तीन महिन्यांत वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त! पण यातून बुकिंग कंपनीची दलाली, सुमारे १५ टक्के धरली तर ३६० रियाल गेले. सरासरी तीन रात्री राहणारी वीस कुटुंबे आली. दर खेपेस सफाई, चादरींची धुलाई, साबण, चहा, साखर मिळून १० रियाल, म्हणजे २०० गेले. वीज, पाणी, इंटरनेट, मोडतोड यांचे तीन महिन्यांचे २४० गेले. हाती उरले १६०० रियाल. वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा दोनशेने कमीच, आणि त्यासाठी रात्री बारा वाजता किल्ली द्यायला धावायचे ते वेगळे.

मग लोक हे करतात कशासाठी? कारण उरलेले नऊ महिने. नऊ महिने भाडेकरू ठेवला तर १३५० रियाल, त्यात खरीफचे १६००, मिळून २९५०. नफा आहे तो येथे आहे. आणि या बेरजेत एक माणूस आहे ज्याच्याकडे कोणी पाहत नाही: जूनमध्ये घर रिकामे करून देणारा भाडेकरू.

सलालाहमधल्या भाड्याच्या घरांत आपल्या भारतातून गेलेली कितीतरी कुटुंबे राहतात. बंदरात, दवाखान्यांत, दुकानांत, शाळांत ती काम करतात. हंगामी धंदा जेथे जेथे चालतो तेथे मालकाला हा मोह होतोच की आजचा भाडेकरू जूनमध्ये जाईल तर बरे, किंवा त्याने जूनपासून भाडे वाढवून द्यावे. करार कागदावर असेल आणि नगरपालिकेत नोंदलेला असेल तर भाडेकरूला काही आधार असतो. करार तोंडी असेल तर त्याच्या हाती काहीच नसते. आम्ही असे म्हणत नाही की नऊ महिन्यांचा करार करणे अन्याय आहे. आधीपासून उघडपणे ठरले असेल, भाडे त्या मानाने कमी असेल, तर तो सौदा दोघांच्याही सोयीचा होऊ शकतो. उन्हाळ्याच्या सुटीत मायदेशी जाणाऱ्या शिक्षकाला रिकाम्या घराचे भाडे भरण्यापेक्षा तो बरा वाटेल, जरी शाळा ऑगस्टमध्ये उघडते आणि खरीफ सप्टेंबरपर्यंत चालतो ही अडचण राहतेच. पण वर्षाचा करार म्हणून घर द्यायचे आणि मे महिन्यात दार ठोठवायचे, हा व्यवहार नव्हे.

ज्या घरमालकाला हा मार्ग नको आहे त्याने काय करावे? त्याने वर्षाचे उरलेले महिनेही पाहुण्यांनीच भरण्याचा प्रयत्न करावा. सलालाहला ते अगदी अशक्य नाही, कारण तेथे पाहुण्यांच्या दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. खरीफचा पाहुणा अरब, सहकुटुंब, मोटारीने येणारा. तो सूर्य चुकवण्यासाठी येतो. नोव्हेंबर ते मार्च येणारा पाहुणा युरोपियन. तो जर्मनी, इटली, पोलंड, चेक देशांतून खास विमानाने येतो आणि सूर्य शोधण्यासाठीच येतो. पहिल्याला भाताचे मोठे पातेले, जाजम, चहाचा थर्मास आणि इत्तीनच्या मैदानाकडे जायचा रस्ता हवा. दुसऱ्याला समुद्रकिनारा, आरामखुर्ची, आणि अल बलीद व सुमहुरमचे अवशेष पाहायला नेणारा कोणी वाटाड्या. (धोफारची ही ऊदाची भूमी युनेस्कोने सन २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतली. देवापुढे जळणारा ऊद कोणत्या झाडाचा डिंक आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?) या दोन्ही पाहुण्यांना एकच जाहिरात दाखवणारा मालक दोन्हीकडून शेरे खातो. जाणता मालक वर्षातून दोनदा फोटो, मजकूर आणि भाव बदलतो. अरबी मजकूर तो भाषांतराच्या यंत्रावर सोपवत नाही.

दोहोंच्या मध्ये आणखी एक काळ आहे, त्याला धोफारी लोक 'सर्ब' म्हणतात. सप्टेंबरअखेर धुके विरते, आकाश निळे होते आणि डोंगर तेव्हाही हिरवेच असतात. शाळा सुरू झाल्याने अरब कुटुंबे परतलेली असतात, युरोपियन अजून यायचा असतो. भाव उतरतात. सरकार आता या सर्बची जाहिरात करू लागले आहे, आणि आमच्या मते एकट्या घरमालकाला खरा वाव येथे आहे, कारण मोठ्या हॉटेलाला या मधल्या काळासाठी वेगळी जुळवाजुळव परवडत नाही. त्याला परवडते.

आता जाहिरातीतल्या खरेपणाविषयी. साधारणपणे या विषयावर उपदेश करणारे सांगतात की फोटो उजेडात काढा, चादरी पांढऱ्या ठेवा, पाहुण्याच्या प्रश्नाला तासाभरात उत्तर द्या. हे सर्व ठीकच आहे. परंतु सलालाहमध्ये फोटोचा प्रश्न याहून गंभीर आहे. २१ जूनला हंगाम सुरू झाला असे कॅलेंडर म्हणते, पण डोंगर त्या दिवशी हिरवे नसतात. ते जुलैमध्ये हिरवे होतात. ऑगस्टचा फोटो लावून जूनच्या पाहुण्याला बोलावले तर तो येऊन तपकिरी डोंगर पाहतो आणि घरमालकाला खोटा ठरवतो. हे नुकसान पैशाचे. दुसरे नुकसान त्याहून मोठे असते. हिवाळ्यात धोफारचा समुद्र निळा आणि शांत असतो, त्या दिवसांतला फोटो सुंदर येतो, आणि तोच वर्षभर जाहिरातीत राहतो. खरीफमध्ये तोच समुद्र खवळलेला असतो. शहराच्या पश्चिमेला मुघसैल म्हणून जागा आहे. तेथे खडकांतील भोकांतून पाणी कारंज्यासारखे उसळते, आणि ते पाहायला लोक कठड्यापलीकडे जातात. जुलै २०२२ मध्ये तेथे लाटेने काही माणसांना ओढून नेले. त्यांत महाराष्ट्रातून आलेल्या एका कुटुंबातील मुलेही होती. ती बातमी त्या वेळी सर्व जगाने पाहिली.

कोणा घरमालकाने त्या कुटुंबाला चुकीचे सांगितले होते असे मुळीच नाही. सरकारने त्यानंतर कडक पावले उचलली, आणि पोलीस तर दरवर्षी बजावतच असतात. पण पोलिसांची सूचना फलकावर असते. घरमालक पाहुण्याशी दारात उभा राहून बोलतो. समुद्रात उतरू नका, कठडा ओलांडू नका, डोंगरावर धुक्यात मोटार हळू चालवा, कोरड्या दिसणाऱ्या वादीत पाणी आल्यास ओलांडायला जाऊ नका, ही चार वाक्ये पाहुण्याच्या भाषेत लिहून दारामागे चिकटवणे हे त्याच्या धंद्याचे काम आहे असे आम्ही मानतो. आपण बेटावरची माणसे आहोत. सन १९७५ चे जर्व्हेज वादळ आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलालने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून नेल्या. परका माणूस आपल्या समुद्राकडे आणि आपल्या आकाशाकडे कसा अजाणपणे पाहतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सलालाहलाही मे २०१८ मध्ये मेकुनू वादळाने असेच झोडपले होते.

खरेपणाचा एक लहान भागही आहे. खरीफमध्ये घरात ओल येते, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी धरते. हे लपवणारा मालक पुष्कळ, आणि हे जाहिरातीतच लिहून, शेजारी वाळवणीची सोय आहे असेही लिहिणारा एखादाच. शेरे वाचून घर निवडणारा पाहुणा त्या एखाद्याकडे जातो, कारण ओल सर्वांकडेच असते हे त्याला मागच्या खेपेस कळलेले असते.

मागच्या खेपेस! सलालाहच्या धंद्याचे मर्म येथे आहे. आपल्याकडे येणारा फ्रेंच किंवा जर्मन पाहुणा आयुष्यातून एकदा येतो, फार तर दोनदा. खरीफचा पाहुणा मस्कतचा, सोहारचा, अल ऐनचा असतो. तो पुढल्या वर्षी पुन्हा येतो आणि आपल्या भावाला पाठवतो. पहिल्या वर्षी तो कंपनीच्या यादीतून आला म्हणून तिने दलाली घेतली. ठीक आहे, ओळख करून दिल्याची ती किंमत. पण दुसऱ्या वर्षीही तो यादीतूनच आला तर चूक मालकाची. वरच्या उदाहरणात साठांपैकी तीस रात्रींचे पाहुणे जुने, सरळ टेलिफोन करून येणारे असतील, तर १८० रियाल वाचतात. भाडेकरूच्या एका महिन्याच्या भाड्याहून ही रक्कम जास्त आहे. कंपनीने बोलणी चालू असलेला पाहुणा तिला वगळून आपल्याकडे वळवणे नियमाबाहेरचे, आणि अशा मालकाची नोंद ती काढूनही टाकते. पण घर सोडून गेलेल्या पाहुण्याने पुढल्या वर्षी आपणहून टेलिफोन केला तर तो व्यवहार निराळा. म्हणून जुने व्यापारी ठेवीत तशी एक वही घरमालकाने ठेवावी: कोण आले, किती जण होते, मुलांची वये काय, कोणती खोली आवडली, कोणती तक्रार केली. कंपनीचे यंत्र पाहुण्याला ओळखते ते त्याच्या पैशावरून. मालकाने त्याला नावाने ओळखावे.

भावाबाबतही हेच. ऑगस्टच्या मध्यावर गर्दी शिखराला पोचते तेव्हा दुप्पट-तिप्पट भाव मागणे सोपे असते, आणि यंत्र तसा सल्लाही देते. यंत्राला मात्र हे ठाऊक नसते की हा पाहुणा गेली तीन वर्षे येतो आहे आणि त्याचा मेहुणा शेजारच्याच इमारतीत उतरला आहे. अरब समाजात अशी गोष्ट एका संध्याकाळी दहा मजलिशींत पोचते. जुन्या पाहुण्याला भाव बांधून द्यावा, नव्याकडून बाजारभाव घ्यावा, एवढे धोरण पुरे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. ओमानमध्ये पर्यटकांना निवास देण्याचा धंदा करायचा तर वारसा व पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि विनापरवाना चालणारी घरे दर हंगामात अधिकाऱ्यांच्या नजरेत येतात. एप्रिल २०२१ पासून तेथे पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे, पण सक्तीची नोंदणी वर्षाला ३८,५०० रियालांच्या उलाढालीपासून असल्याने एक-दोन फ्लॅटवाला त्यात येत नाही. परदेशी माणसाला घर विकत घ्यायचे तर सरकारने नेमून दिलेल्या पर्यटन वसाहतींतच, सलालाहमध्ये हवाना सलालाहसारख्या ठिकाणी. म्हणून तेथे नोकरी करणारा आपला मराठी माणूस या धंद्यात फारतर मालकाचा मदतनीस म्हणून दिसेल. भाड्याने घेतलेले घर मालकाला न विचारता पाहुण्यांना देणे हा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नये. नोकरी आणि राहण्याचा परवाना दोन्ही त्यात पणाला लागतात.

ज्या शहरांनी हा धंदा वेळीच आवरला नाही त्यांच्यावर आता कडक उपाय करण्याची पाळी आली आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या पाहुण्यासाठी मालकाने स्वतः त्याच घरात राहिले पाहिजे आणि दोनांहून अधिक पाहुणे घेता कामा नयेत असा नियम बजावायला सुरुवात केली. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील १०,१०१ पर्यटक फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, कारण तेथल्या रहिवाशांना राहायला घर मिळेना. सलालाहची स्थिती तेथवर आलेली नाही. शहराला पसरायला जागा आहे आणि हंगाम तीनच महिन्यांचा आहे. पण हंगाम वाढवण्याचे जे प्रयत्न चालले आहेत ते यशस्वी झाले तर नऊ महिन्यांचा भाडेकरू आधी सहा महिन्यांचा होईल आणि मग नकोसा. परवाना देतानाच, या घरात वर्षाचा करार असलेला भाडेकरू राहतो काय, एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

महाराष्ट्राने या बाबतीत एक साधी वाट धरली आहे. तेथील निवास-न्याहारी योजनेत राहते घर असलेल्या माणसाने आपल्या काही खोल्या नोंदवायच्या आणि पाहुण्याला घरचीच न्याहारी द्यायची. तारकर्लीला किंवा दिवेआगरला गेलेल्याला हे ठाऊक आहे. तेथे घरमालक घरातच राहत असल्याने कोणाला बाहेर काढण्याचा प्रश्न येत नाही.

आपल्याकडेही हा विषय दूरचा राहिलेला नाही. फ्लिक-आं-फ्लाक आणि रिव्हिएर न्वारचे कांपमाँ हे पूर्वी साखरवाल्यांचे आणि शहरच्या श्रीमंतांचे. आता कास्काव्हेलपासून किनाऱ्यापर्यंत आपल्या घरांतलाही वरचा मजला, मुलगा फ्रान्सला किंवा इंग्लंडला गेला म्हणून रिकामा पडलेला, पाहुण्यांना द्यावा असे पुष्कळांच्या मनात येते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र आपल्याकडे पर्यटक निवासाचे प्रमाणपत्र टुरिझम ऑथॉरिटीकडून घ्यावे लागते, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी पाहुण्यामागे रात्रीला तीन युरोची पर्यटक फी लागू झाली आहे. ती गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी घरमालकाची. विना-नोंदणी पाहुणा घेणारा ही फीही भरत नाही आणि शेजारच्या नोंदणीवाल्यापेक्षा स्वस्त पडतो. तो शेजारी बहुधा आपलाच कोणी नातलग असतो. त्याच्या घरासमोर कोणाची मोटार उभी आहे हे गावात सर्वांना दिसते, आणि बोलत कोणी नाही.